ओला साहेब

नाव त्याचं ओल्द्रिख. कुणाच्या जिभेला झेपेना,
म्हणून दस्तगीर उस्तादांनी पहिल्याच दिवशी
त्याचा ओला साहेब करून टाकला.
आणि तो होताही तसा,
मिरजेच्या मार्चात
टोपीपासून मोज्यांपर्यंत निथळणारा.
जंक्शनमागच्या बर्फखान्यात नवा कॉम्प्रेसर बसवायला
प्रागहून पेट्यांबरोबर आलेला.

मी तेरा वर्षांचा. नाव भूपाल,
काम लाद्यांवर भुसा टाकायचं.

त्याच्या खिशात एक फोटो असे.
वाकडे दांडे घेतलेले वीसेक गडी,
गाद्या पांघरल्यासारखे फुगलेले,
आणि कडेला, बुटाची नाडी बांधत वाकलेला
त्याचा धाकटा भाऊ. तोंड दिसत नव्हतं, नुसती मान.
"हे जगात पहिले आलेले लोक," उस्ताद सांगत,
"बर्फावर पळतात म्हणे!"
आम्ही हसायचो. आमच्याकडे बर्फच पळवावा लागतो,
किंतानात गुंडाळून, गाडी सुटायच्या आत.

यंदा लंडनला आहे, तो म्हणाला. भाऊ जाणार.

मग त्यानं चार लाद्या जोडून मांडल्या,
फटींत पाणी ओतलं,
आणि रात्रभरात ते मैदान एकसंध झालं,
दाराच्या फळीएवढं.
उस्तादांच्या जुन्या चपलेच्या टाचेतून काळी चकती कापली,
बाभळीच्या दोन काटक्या तासल्या.
ही रेघ ओलांडायची नाही. इथं गोल.
मी पहिल्याच फटक्यात चकती
मिठाच्या पाण्याच्या हौदात घालवली.
त्यानं बाही वर करून ती काढली,
हात लालभडक, तोंडभर हसू.
त्याला इतकं गार पहिल्यांदाच पाहिलं मी.

रात्री समोरच्या हॉटेलात रेडिओ.
खरखरीतून इंग्रजी उचलायला पार्सलबाबू गुर्जर,
तळहातावर शाईनं लिहून घ्यायचे:
कॅनडा. अमेरिका. स्वित्झर्लंड. नॉर्वे.
"तुमचं नाव नाही घेतलं."
विमानाला उशीर झाला असेल, तो म्हणाला.
दुसऱ्या रात्री पुन्हा तळहात.
तिसऱ्या रात्री बाबूंनी हात उघडलाच नाही,
चहात बिस्किट बुडवत राहिले, ते तुटून पडेपर्यंत.
चौथ्या दिवशी पेपरात दोन ओळी,
बाजारभावाच्या खाली,
हळद चढली होती त्या दिवशी:
गतवर्षीचे विजेते स्पर्धेस आले नाहीत.
का, ते तिसऱ्या ओळीत असतं. ती ओळ नव्हती.

त्या रात्री त्यानं लाद्या परत मांडल्या.
मला म्हणाला, तू गोल राख.
मी काटकी धरून उकिडवा बसलो.
तो पलीकडे. चकती मध्ये.
मारेचना.
भुशावर थेंब पडत होते, छपरातले
का कुठले, मी वर बघितलं नाही.
मांड्यांना मुंग्या आल्या तेव्हा उस्तादांनी मला उठवलं.

सकाळी भुजंगा रसवाला आला.
ओरखडे पडलेल्या लाद्या म्हणून आणा कमी दिला.
दुपारपर्यंत तो सामना फोडून,
आलं-लिंबू पिळून,
लोकांनी पिऊन टाकला.

मे महिन्यात त्याच्या आईचं पत्र आलं.
त्यानं उस्तादांना वाचून दाखवलं, मोडक्या हिंदीत:
गाय व्यायली. छप्पर शाकारलं. मावशीचा गुडघा.
दोन्ही बाजू वाचल्या, पाकीटही उलटून झटकलं.
उस्तादांनी विचारलं, "और भाई?"
तो पत्राची घडी घालत होता,
आधीच्याच घड्यांवर, नीट, नखानं दाबून.

पावसाच्या आत काम उरकून तो गेला.
पुण्याच्या गाडीत बसवला, पिशवीत डबा दिला.
कुठं गेला, कुणाला पत्ता नाही.

मशीन मात्र चांगलं बसवलं होतं.
फक्त डावा पाय जरा थरथरायचा.
उस्तादांनी ती चपलेची चकती
त्याच्याखाली सरकवली.
थरथर थोडी कमी झाली.